स्टीलला गंज नाही, पण थकवा आहे : स्टेनलेस स्टीलमधला तडा कसा वाढतो आणि तो कसा मोजतात



धातूंचा धडा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, स्टेनलेस स्टील गंजत नाही ना? मग आमच्या झाऱ्याचा दांडा तुटला कसा?" कुणाच्या घरी डब्याची कडी तुटलेली असते, कुणाच्या पातेल्याचा कान निघालेला असतो. आपण बरेचदा "हलक्या प्रतीचं असेल" असं सांगून पुढे जातो. खरं तर या प्रश्नात विज्ञानाचा एक अख्खा धडा दडलेला आहे. रेल्वेचा आस, विमान, अणुभट्टीतली पाइपलाइन आणि आपल्या स्वयंपाकघरातला झारा या सगळ्यांना तो लागू पडतो. आज तोच धडा सोप्या भाषेत पाहू. शेवटी वर्गात करण्यासारखे दोन प्रयोगही दिले आहेत.

न गंजणं वेगळं, न थकणं वेगळं

स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळलेला मिश्रधातू. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा तयार होतो. म्हणून गंज आत शिरत नाही. आपल्या भांड्यांवर कधीकधी "१८-८" लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. कारखान्यात याच जातीला ३०४ म्हणतात. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेली भावकी म्हणजे ३१६.

पण हा थर म्हणजे धातूचं नुसतं कातडं आहे, तो हाडाला बळ देत नाही. एकच भार पुन्हा पुन्हा आला आणि गेला की धातू आतून थकत जातो. इंजिनिअर याला फटीग म्हणतात, आपण थकवा म्हणू. गंज रंगावरून ओळखू येतो. थकव्याचं तसं नाही. वस्तू वरून चकचकीत दिसते आणि आत एक केसासारखा तडा हळूहळू पुढे सरकत असतो.

एकदा लावलेला भार आणि लाख वेळा लावलेला भार

३०४ स्टीलचे आकडे बघू. एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन बल पडलं तर त्या ताणाला एक मेगापास्कल म्हणतात. ३०४ स्टील कायमचं वाकायला किमान २०५ मेगापास्कल आणि तुटायला किमान ५१५ मेगापास्कल ताण लागतो. म्हणजे १०० मेगापास्कल ताण, साध्या भाषेत दर चौरस मिलिमीटरला सुमारे १० किलो वजन, हे स्टील सहज पेलतं. एकदाच लावला तर काहीच होत नाही.

पण तोच ताण लावला-काढला, लावला-काढला असं लाखो वेळा झालं तर? या लावण्या-काढण्याच्या एका फेरीला एक चक्र म्हणतात. अशा चक्रांनी वस्तू तुटते ही गोष्ट माणसाला रेल्वेने शिकवली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. आस तर रोज व्यवस्थित चालत होता, मग तुटला का? पुढे जर्मन इंजिनिअर ऑगस्ट वोलर यांनी १८५० ते १८७० च्या काळात रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यातून दिसलं की भाराचा चढ-उतार जितका मोठा तितकी कमी चक्रं धातू टिकतो. आस तुटला तो एखाद्या मोठ्या धक्क्याने नाही, रोजच्या साध्या फेऱ्यांनी.

वोलर यांच्या पद्धतीने "ही वस्तू किती चक्रं टिकेल" याचा अंदाज येतो. पण व्यवहारातला प्रश्न बहुतेक वेळा वेगळा असतो: तडा तर सापडला आहे, आता काय? यंत्र आजच बंद करायचं, महिन्याने दुरुस्त करायचं की वर्षभर चालू दिलं तरी चालेल? आजचा खरा विषय हाच आहे. तड्याचं मूल्यमापन म्हणजे या प्रश्नाचं हिशोबाने दिलेलं उत्तर.

कापड दुकानदाराची चीर

तड्याने ताण कसा वाढतो हे समजायला कापडाचं दुकान आठवा. दुकानदार ताग्याच्या काठाला कात्रीने छोटीशी चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढून टर्रकन कापड फाडतो. चीर दिली नसती तर तेच कापड दोघांनी ओढूनही फाटलं नसतं. कारण हाताचा सगळा जोर चिरेच्या टोकावरच्या एकेका धाग्यावर येतो. तो तुटला की पुढचा, मग त्याच्या पुढचा.

धातूतही तसंच. तड्याच्या टोकाशी ताण गोळा होतो. इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेवर काम करून तडा आणि मजबुती यांचं नातं मांडलं. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज अर्विन यांनी तड्याच्या टोकाची अवस्था एकाच संख्येत पकडली. तिला आपण ताण-तीव्रता म्हणू. ती दोन गोष्टींवर ठरते: वस्तूवरचा ताण आणि तड्याच्या लांबीचं वर्गमूळ. ताण दुप्पट झाला की ती दुप्पट होते. तडा चौपट झाला तरीही ती दुप्पट होते. आठवीतलं वर्गमूळ इथे कामाला येतं, मुलांना हे जरूर सांगा.

पॉल पॅरिस यांचा नियम

१९६१ मध्ये पॉल पॅरिस या तरुण अमेरिकन अभ्यासकाने म्हटलं की प्रत्येक चक्रात तडा किती पुढे सरकेल हे त्या चक्रातल्या ताण-तीव्रतेच्या चढ-उतारावर ठरतं. आज ही गोष्ट उघड वाटते. पण त्या वेळी नामांकित नियतकालिकांनी त्यांचा लेख नाकारला आणि तो शेवटी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका छोट्या मासिकात आला. आज जगभर पॅरिसचा नियम याच नावाने तो शिकवला जातो.

नियम असा: एका चक्रातली तड्याची वाढ = एक स्थिरांक × ताण-तीव्रतेच्या फरकाचा ठरावीक घात.

हा घात धातूनुसार बदलतो. स्वयंपाकघरात आणि पाइपलाइनमध्ये वापरतात त्या ३०४, ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलसाठी साध्या हवेत ३.२५ हा घात पुस्तकांत दिलेला असतो. वर्ग नाही, घन नाही, घनापेक्षाही थोडा जास्त! या एका आकड्यामुळे केवढा फरक पडतो ते आता बघू.

हिशोब करून पाहू

समजा, स्टेनलेस स्टीलची एक रुंद, जाड पट्टी आहे. तिच्या काठाला १ मिलिमीटर खोल तडा आहे. दर चक्राला ताण शून्यावरून १०० मेगापास्कलपर्यंत जातो आणि परत येतो. हा तडा १६ मिलिमीटर झाला की पट्टी धोक्यात, असं आपण ठरवलं आहे. पॅरिसच्या नियमाने सुरुवातीला तडा एका चक्रात वाढतो फक्त ०.०००००२२ मिलिमीटर. हे अंतर दहा-बारा अणू शेजारी शेजारी ठेवले तर होईल एवढंच. पण पुढे बघा:

- १ ते २ मिलिमीटर : सुमारे २ लाख ५७ हजार चक्रं
- २ ते ४ मिलिमीटर : सुमारे १ लाख ६६ हजार चक्रं
- ४ ते ८ मिलिमीटर : सुमारे १ लाख ८ हजार चक्रं
- ८ ते १६ मिलिमीटर : सुमारे ७० हजार चक्रं

एकूण साधारण ६ लाख चक्रं. पहिला एकच मिलिमीटर वाढायला आयुष्याचा ४० टक्क्यांहून जास्त भाग गेला. शेवटचे आठ मिलिमीटर मात्र १२ टक्क्यांहूनही कमी काळात उरकले. १६ मिलिमीटरचा तडा १ मिलिमीटरच्या तड्यापेक्षा सुमारे ९० पट वेगाने पळतो. म्हणजे तडा दिसायला लागतो तेव्हा बरंच आयुष्य सरलेलं असतं. "कालपर्यंत तर काही नव्हतं हो" असं लोक म्हणतात ते यामुळेच. तडा कालही होता, पण तेव्हा तो इतका हळू चालत होता की लक्षातच आला नाही.

आता ताण फक्त २० टक्क्यांनी वाढवा, १०० ऐवजी १२० मेगापास्कल. वाढीचा वेग १.८ पट होतो आणि ६ लाख चक्रांचं आयुष्य ३ लाख ३२ हजारांवर येतं. थोडंसं जास्त वजन, थोडा जास्त दाब, "एवढ्याने काय होतंय" म्हणत केलेली छोटी वाढ, यांची किंमत अशी मोजावी लागते.

तडा दिसणार कसा?

हिशोबाला पहिली संख्या लागते ती तड्याची आजची लांबी. ती मिळवायला तपासणी करावी लागते, आणि स्टेनलेस स्टीलची तपासणी जरा अवघडच असते.

साध्या लोखंडी वस्तूला चुंबकीय करून तिच्यावर लोहाची बारीक पूड टाकली की तड्यावर ती गोळा होते. ३०४ आणि ३१६ जातीचं स्टील चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाही, म्हणून ही पद्धत इथे बाद. (वाकवलेल्या, ठोकलेल्या जागी हे स्टील थोडंसं चुंबकीय होतं. चमच्याला चुंबक चिकटला म्हणजे तो खोटा, असं लगेच ठरवू नका.)

दुसरी पद्धत रंगाची. चिनीमातीच्या जुन्या कपातला बारीक तडा आधी दिसत नाही. त्यात चहा मुरत जातो आणि एक दिवस तपकिरी रेघ उठून दिसते. कारखान्यात हेच मुद्दाम करतात. पृष्ठभाग स्वच्छ करून लाल रंगाचा पातळ द्रव लावतात, तो तड्यात शिरू देतात, वरचा पुसून टाकतात आणि पांढरी पावडर मारतात. आत शिरलेला लाल रंग पावडरीवर उमटतो. पद्धत स्वस्त आणि सोपी आहे, पण तडा पृष्ठभागावर उघडणारा असेल तरच तो कळतो. शिवाय त्याची लांबी कळते, खोली नाही.

खोलीसाठी सोनोग्राफी! डॉक्टर पोटावर यंत्र फिरवतात तसंच पाइपवर फिरवायचं. ध्वनी आत जातो आणि तड्यावर आपटून परत येतो. पण या स्टीलच्या वेल्डिंगमधले धातूचे कण मोठे आणि एका दिशेने वाढलेले असतात. धुक्यात गाडीचे दिवे विखुरतात तसा तिथे ध्वनी विखुरतो. आणि तडे तर बरेचदा वेल्डिंगजवळच असतात. त्यामुळे हे काम शिकलेल्या, सरावाच्या माणसाचंच.

म्हणून मूल्यमापन करणारा इंजिनिअर "काही सापडलं नाही" या वाक्याचा अर्थ "तडा नाही" असा घेत नाही. तो विचारतो, "तुमच्या यंत्राच्या नजरेतून सुटू शकेल असा मोठ्यात मोठा तडा केवढा?" आणि तेवढा तडा आहे असं समजून हिशोब सुरू करतो. ही सवय मला फार मोलाची वाटते. न दिसणं आणि नसणं यांतला फरक विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला कळायला हवा.

पुढची तपासणी कधी?

आपल्या पट्टीकडे परत येऊ. समजा तिला दिवसाला ५०० चक्रं पडतात, आणि आपली पद्धत २ मिलिमीटरचा तडा खात्रीने पकडते. २ पासून १६ मिलिमीटरपर्यंत जायला सुमारे ३ लाख ४४ हजार चक्रं, म्हणजे ६८८ दिवस लागतात. तडा पकडायला एवढीच मुदत हातात आहे. एका तपासणीत तो नजरचुकीने सुटला तरी दुसरी संधी मिळावी म्हणून या मुदतीचे तीन भाग करू. म्हणजे दर साडेसात महिन्यांनी तपासणी.

पद्धत जरा ढोबळ असेल आणि ४ मिलिमीटरच्या खालचं काही दिसत नसेल तर? तेव्हा मुदत उरते ३५६ दिवसांची आणि तपासणी करावी लागते दर चार महिन्यांनी. चांगली नजर असली की तपासण्यांमधलं अंतर वाढवता येतं, आणि नजर कमजोर असेल तर वारंवार बघावं लागतं. दोन्ही मार्ग चालतात. नजर कमजोर ठेवून अंतरही लांबवलं तर मात्र अपघाताला आमंत्रण.

हा अर्थातच शिकवण्यापुरता सोपा केलेला नमुना आहे. खऱ्या कामात वेल्डिंगमुळे धातूत अडकून राहिलेला ताण धरावा लागतो, तापमान धरावं लागतं. गरम पाण्यात तडा हवेपेक्षा जोरात वाढू शकतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ३०४ स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि तिथूनच तडे सुरू होऊ शकतात. शिवाय एकाच गठ्ठ्यातले नमुनेही सारखे वागत नाहीत, म्हणून सरासरी न घेता वाईट बाजूचा आकडा घेतात.

हिशोब चुकतो कुठे?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नियम बरोबर, गुणाकार बरोबर, तरी उत्तर साफ चुकू शकतं. कारण हिशोबात धरलेली चक्रं आणि वस्तूवर खरोखर पडलेली चक्रं वेगळी असतात. दोन खऱ्या घटना सांगतो. दोन्हींत स्टेनलेस स्टीलच होतं.

जपानमध्ये त्सुरुगा इथे मोंजू नावाची अणुभट्टी होती. तिच्यात उष्णता वाहून न्यायला वितळलेलं सोडियम पाइपांतून फिरवत. ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम वलयातल्या पाइपमधून सोडियम गळू लागलं, हवेशी संपर्क येऊन पेटलं, आणि सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर आलं. कुणाला इजा झाली नाही, किरणोत्सर्गही बाहेर गेला नाही. पण पुढची जवळजवळ १५ वर्षं ती भट्टी बंद राहिली आणि २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं.

गळती कुठून झाली? तापमापक बसवण्यासाठी पाइपमध्ये खुपसलेल्या स्टेनलेस स्टीलच्या एका नळीतून. वाऱ्यात विजेची तार गुणगुणते तशी ही नळी सोडियमच्या प्रवाहात थरथरत होती. प्रवाह नळीला वळसा घालताना तिच्या मागे भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा तिला हिसका देतो. नळी एके ठिकाणी जाडीवरून एकदम बारीक होत होती. त्या कोपऱ्यात ताण गोळा झाला, तडा गेला आणि टोक तुटलं. नळीचा आराखडा करताना प्रवाहाच्या आडव्या दिशेच्या थरथरीचा विचार झाला होता. नळी मात्र प्रवाहाच्याच दिशेत पुढे-मागे हलत होती.

थरथर किती भयंकर असते याचा अंदाज घ्या. एखादी वस्तू सेकंदाला १०० वेळा हलत असेल तर दिवसाला ८६ लाख ४० हजार चक्रं होतात. आपल्या पट्टीची ६ लाख चक्रं दिवसाला ५०० या हिशोबाने सव्वातीन वर्षं पुरली असती, तीच १०० मिनिटांत संपतील.

दुसरी घटना फ्रान्समधली. सिव्हो इथली अणुभट्टी डिसेंबर १९९७ मध्ये ग्रीडला जोडली गेली. १२ मे १९९८ रोजी, म्हणजे सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, उरलेली उष्णता काढून टाकणाऱ्या यंत्रणेतल्या पाइपच्या वळणावर आरपार तडा गेला. बाहेरून तो सुमारे १८ सेंटिमीटर लांब होता आणि तासाला साधारण ३० हजार लिटर पाणी गळत होतं. पाइप ३०४ च्याच कुटुंबातला. इथे थरथर नव्हती. त्या जागी गरम आणि थंड पाणी एकत्र येत होतं, पण नीट मिसळत नव्हतं. पाइपच्या आतल्या बाजूला क्षणात गरम, क्षणात थंड पाणी लागत होतं.

याने एवढं काय बिघडतं? स्टेनलेस स्टीलचे दोन स्वभाव आठवा. एक, ते उष्णता हळू वाहून नेतं. म्हणून तर आपण पातेल्याला तांब्याचा तळ लावतो. दोन, ते तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतं. त्यामुळे आतला थर फुगू पाहतो, पण मागचा धातू अजून थंड असतो आणि त्याला फुगू देत नाही. अशा अडवलेल्या स्टीलमध्ये दर एक अंशाला ३ मेगापास्कलहून जास्त ताण येतो. म्हणजे ३० अंशांच्या चढ-उताराला आपला १०० मेगापास्कलचा ताण तयार! वर कोणतंही वजन नाही, दाब बदललेला नाही, तरी चक्र पडतंच आहे.

दोन्ही ठिकाणी चांगलं स्टील होतं, शिकलेली माणसं होती. चुकलं ते चक्रांच्या यादीत. म्हणून चांगलं मूल्यमापन "तडा केवढा" एवढ्यावर थांबत नाही, "हा तडा इथेच का आला" हेही विचारतं. कारण कळल्याशिवाय केलेला हिशोब म्हणजे ताप का आला हे न बघता दिलेली गोळी.

एक दिलासा मात्र आहे. हे स्टील चिवट असतं. काचेसारखं एकदम फुटण्याऐवजी ते बरेचदा आधी गळतं. सिव्होमध्ये पाइप फुटला नाही, गळला. गळती वेळेत लक्षात आली तर यंत्र थांबवायला अवधी मिळतो. पण गळतीकडे बघणारा माणूस तिथे हवा.

तुटलेला तुकडा वाचता येतो

थकव्याने तुटलेल्या जागी नीट पाहिलं तर बरेचदा शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा दिसतात. तडा कुठे सुरू झाला, कुठे थांबला, कुठून पुढे गेला, सगळं त्यात उमटलेलं असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणखी बारीक रेघा दिसतात. त्यांतलं अंतर मोजून एका चक्रात तडा किती सरकला हे काढता येतं. झाडाच्या खोडातल्या वलयांवरून वय काढतात ना, तसंच. म्हणून तुटलेला भाग लगेच भंगारात टाकायचा नसतो. तुटलेल्या दोन बाजू एकमेकींवर घासून "जुळतात का" हेही बघायचं नसतं. रेघा पुसल्या की पुरावा गेला.

वर्गात करून पाहा

प्रयोग १ : एकाच डबीतल्या कागदाच्या क्लिपा घ्या (या बहुतेक साध्या पोलादाच्या असतात, पण थकवा दाखवायला उत्तम). काही क्लिपा ९० अंशांत, काही ४५ अंशांत पुढे-मागे वाकवायच्या. एक जाणं-येणं म्हणजे एक चक्र. तुटेपर्यंत चक्रं मोजा. प्रत्येक कोनासाठी किमान पाच क्लिपा घ्या आणि तक्ता करा. दोन गोष्टी दिसतील: कोन कमी केला की चक्रं वाढतात, आणि सारख्या दिसणाऱ्या क्लिपाही वेगवेगळ्या चक्रांना तुटतात. हा दुसरा मुद्दा मुलांकडूनच काढून घ्या. टोकं टोचतात आणि उडू शकतात, म्हणून पक्कड वापरा, डोळ्यांना चष्मा हवा आणि तुकडे डबीत गोळा करा.

प्रयोग २ : कागदाच्या सारख्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींच्या काठाला मधोमध सारखीच चीर द्या. एका चिरेच्या टोकावर पंचिंग मशीनने गोल भोक पाडा. आता दोन्ही पट्ट्या टोकांना धरून ओढा. कुठली आधी फाटते आणि का, यावर चर्चा घ्या. धातूच्या तड्याच्या टोकाशी असं भोक पाडून तडा काही काळ थोपवण्याची पद्धत खरोखर वापरतात.

घरात आणि शाळेत

पालकांसाठी एवढंच: स्टीलच्या भांड्याचा कान किंवा दांडा जिथे जोडलेला असतो तिथे अधूनमधून बोट फिरवून बघा. केसासारखी रेघ दिसली तर उकळत्या आमटीचं पातेलं त्या कानाने उचलू नका. कुकरच्या दांड्यालाही हेच लागू.

शाळांसाठी: मैदानावरचे झोपाळे, सी-सॉ, व्यायामाचे बार बहुधा साध्या लोखंडाचे असतात, पण थकव्याचा नियम तोच. झोपाळ्याच्या एका झोक्यात कडीवर एकदा ताण चढतो आणि उतरतो. मधल्या सुट्टीत किती झोके होतात हे मुलांनाच मोजू द्या, मग वर्षाचा गुणाकार करू द्या. आकडा पाहून मुलं आणि मुख्याध्यापक दोघंही चकित होतील! रंग लावणं म्हणजे तपासणी नव्हे. उलट जाड रंगाखाली तडा झाकला जातो. कड्या, हूक आणि वेल्डिंगच्या जागा कधी तपासल्या, कुणी तपासल्या, काय दिसलं याची एक साधी वही ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी लिहून टाका.

आणि वर्गात पुन्हा कुणी विचारलं, "गंजत नाही मग तुटलं कसं?" तर लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, "ते किती वेळा वाकलं असेल रे? मोजूया का?" तुमच्या वर्गातल्या क्लिपांचे आकडे खाली प्रतिक्रियेत जरूर कळवा.